फटींची भिंत

डॉक्टर त्वान यांनी पाकिटाच्या मागे
पेन्सिलीनं एक यकृत काढलं.
मला ते आमच्या बेटासारखं दिसलं,
एका अंगाला फुगलेलं, दुसरीकडे निमुळतं.
"विषाणू काही जाळत नाही," ते म्हणाले,
"तो नुसता राहतो, भाडं न देता.
जाळपोळ करतात ते तुमचेच शिपाई."

चाळीस वर्षं ते शिपाई
उंबऱ्यावर बसून होते.
माझ्याबरोबरच आत येताना पाहिलं होतं त्यांनी त्याला,
त्याच पहाटे, त्याच रक्ताळ दारातून.
वाटलं असेल, घरचाच असणार.
रक्तात तो कोटींनी, आणि एएलटी अठ्ठावीस.
पुस्तिकेवर शिक्का: निरोगी वाहक.
मी कालवांच्या शेडमध्ये दहा दहा तास
शिंपले फोडायचे, आणि खरंच
काही म्हणजे काही दुखत नव्हतं.

बुन-हाइ माझ्या पाठचा, तीन वर्षांनी धाकटा.
तो जन्मला त्या आठवड्यात
बर्फाच्या डब्यातून लस आली होती बोटीनं.
नर्सनं दोन्ही मांड्यांत एकेक सुई टोचली.
एवढा रडला की आईनं नर्सला
सात पिढ्यांच्या शिव्या दिल्या.
तीन वर्षं!
एवढ्यात तर जाळंसुद्धा जुनं होत नाही.

आई शेंगा निवडायची.
टपोरे दाणे आम्हा दोघांना,
बुरशी धरलेले, काळपट, स्वतःला.
टाकायचे कशाला, म्हणायची.
पुढे तिच्या पोटात पाणी भरलं तेव्हा
शेजारीण हसून म्हणाली, या वयात, ग्वेत-थो?
आईही हसली. त्यानंतर एकवीस दिवस.

मार्चमध्ये माझे डोळे पिवळे झाले.
लघवी करपलेल्या चहासारखी.
एएलटी अकराशे चाळीस.
"कोणी उठवलं त्यांना?" मी विचारलं.
डॉक्टरांनी खांदे उडवले. "कधी कधी उठतात.
आणि त्यांच्यातच काही असतात
ज्यांचं काम फक्त दुसऱ्याचा हात धरणं,
पुरे म्हणणं.
त्यांनी फार घट्ट धरलं, तर चोर पोसला जातो.
अजिबात सोडून दिलं,
तर चोरासकट घर जातं."

कुंपणानं शेत खाल्लं म्हणतात, ते हे.
पण कुंपणाला तरी किती दोष द्यायचा?
त्यानं आयुष्यात एकदाच चोर ओळखला,
तोही चाळीस वर्षं उशिरा,
आणि चोर तर माझ्याच पेशींत झोपलेला,
माझ्याच पांघरुणात.

गोळी रात्री नऊला. बहुधा जन्मभर.
ती चोराला हाकलत नाही,
फक्त त्याला पोरं होऊ देत नाही.
एवढंही पुष्कळ आहे, म्हणतात.
जूनमध्ये एएलटी एक्याण्णव.

ईशान्येचा वारा सुरू झाला की
आमच्या कोबीच्या वाफ्याभोवतीची भिंत
मी दरवर्षी नीट करते.
प्रवाळाचे दगड, दगडावर दगड,
मध्ये ना चुना ना माती.
यंदा बुन-हाइचा मुलगा आला होता मदतीला,
शहरातला, हातमोजे घालून.
"आत्या, एवढ्या फटी! वारा येतो ना आत.
सिमेंटनं बुजवू का?"

नको, म्हटलं. एकानं बुजवल्या होत्या, पलीकडच्या वाडीत.
पहिल्याच वादळात अख्खी भिंत
कोबीवरच पडली.

तो फटीला डोळा लावून बराच वेळ बघत राहिला.
मग म्हणाला, समुद्र दिसतो इथून.

दिसतो.
त्याला खाली एक दगड हलताना दिसला, तो मी काढला,
फिरवून पुन्हा बसवला.
थोडा हलतो अजून.
गुरुवारी रक्त द्यायचंय, बोटीचं तिकीट काढायचं राहिलंय.